गिरणीवरची रेंज

काकांच्या पिठाच्या गिरणीवर इंटरनेट आलं ते गिऱ्हाइकांमुळं. लोक दळणाचे पैसे फोनवरून द्यायला लागले, पण तिथं मोबाइलची रेंज धड नाही, पैसे आल्याचा मेसेज काकांच्या फोनवर वेळेवर येईना. मग त्यांनी रस्त्यावरच्या खांबावरून वायर घेतली आणि मागच्या खिडकीत राउटर बसवला. त्या खिडकीतून सरळ पाहिलं की आमचं घर दिसतं. मधे आमचंच एक कापसाचं वावर. आम्ही गावात राहत नाही, आखाड्यावर राहतो, म्हणजे शेतातच. मी वायरवाल्याला म्हणाले, एवढी आलीच आहे तर आमच्यापर्यंत आणा. तो म्हणाला, ताई, खांब सोडून मी शेतात शिरणार नाही, वायर नांगराखाली गेली की तुम्ही मलाच फोन करणार. त्याचं बराबर होतं. आम्ही त्यालाच फोन केला असता.

म्हणजे रेंज गिरणीवर आणि आम्ही शेतात. एरवी त्याचं कुणाला काही वाटलं नसतं, पण त्या हिवाळ्यात माझी नोकरी त्या एका वावरावर अडकली होती.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते, आणि पुढंही सांगत राहणार. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाळा अर्ध्यात सोडली. आईनं शाळा पाहिली ती मला सोडायला आली तेव्हा. मी जालन्याला होस्टेलवर राहून कॉम्प्युटरची पदवी घेतली, आणि त्या सगळ्या वर्षांत घरच्यांना माझं शिक्षण दिसलं ते एवढंच, की पोरगी घरी नाही. मी काय शिकते ते सांगायला गेले की आई ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, जेवायला काय देतेत तिथं?

पुण्याच्या एका कंपनीनं मला निवडलं. काम असं, की दुकानदार लोक बिलं करायला जो प्रोग्रॅम वापरतात तो अडला की ते फोन करतात, आणि आपण मराठीत समजावून सांगायचं. फोन लॅपटॉपवरच येतो, इंटरनेटवरून. काम घरून करायला परवानगी होती, पण आधी एक आठवडा परीक्षेचा. त्या आठवड्यात पुण्याच्या मॅडम मधूनमधून गुपचूप ऐकणार. आवाज स्वच्छ राहिला तर घरून काम करा. तुटायला लागला तर पुण्याला या, ऑफिसात बसा, नाहीतर राहू द्या.

पुण्याला जायची मला भीती नव्हती. मैत्रिणी तिथं होत्या, खोलीही मिळाली असती. पण मला इथंच बसून कमवायचं होतं, आई-अण्णांच्या डोळ्यांसमोर. पदवी म्हणजे काय असतं ते त्यांनी एकदा जवळून बघावं, एवढी साधी हौस. आणि थोडी खुमखुमी गावासाठीही होती. ते का लपवू?

मग काकांच्या गिरणीत बसून काम करायला काय हरकत होती, असं कुणी विचारेल. गिरणीत दोन माणसं एकमेकांच्या कानात ओरडून बोलतात. आणि लॅपटॉपच्या बटणांत ज्वारीचं पीठ गेलं की पुढची भाकरी त्यातच थापायची. मोबाइलची रेंज आमच्याकडं फक्त विहिरीच्या कठड्यावर येते, तीही वाऱ्याच्या मर्जीनं. म्हणजे इंटरनेट होतं तिथं गोंगाट, आणि शांतता होती तिथं इंटरनेट नाही.

लॅपटॉपच्या आत नखाएवढं एक कार्ड असतं. हवेतलं इंटरनेट तेच पकडतं. माझा लॅपटॉप दुसऱ्याच्या हातून आलेला, जुना, पण होस्टेलवर त्यानं मला कधी दगा दिला नव्हता. आमच्या आतल्या खोलीत मात्र त्याला काकांच्या राउटरचं नावसुद्धा दिसेना. मी धरून चालले की कार्ड म्हातारं झालं. अशा वेळी दोन वाटा असतात. लॅपटॉप उघडून आतलं कार्ड बदलायचं, नाहीतर बाहेरून यूएसबीला जोडायचा अ‍ॅडॉप्टर घ्यायचा. तो काडेपेटीएवढी डबी असतो, वर एक काळी दांडी.

माझं मन आतल्यावर होतं. त्यात तांत्रिक काही नव्हतं. कॉम्प्युटरची पदवी घेतलेल्या बाईच्या लॅपटॉपला बाहेर काहीतरी लोंबकळतंय, हे मला शोभेसं वाटत नव्हतं. साडीला बाहेरून सेफ्टी पिन दिसावी तसं.

परतूरहून रेल्वेनं जालन्याला गेले आणि बसस्टँडमागच्या एका दुकानात दोन्ही वस्तू पाहिल्या. दुकानदार मोठा गोड माणूस. आतलं कार्ड हातात देऊन म्हणाला, हे लावा, एकदम मस्त, बाहेरून कुणाला कळणारपण नाही. मी अ‍ॅडॉप्टर उचलला. म्हणाला, हे लावा, एकदम मस्त, कुठंपण न्या. मी विचारलं, दोन्हींत चांगलं कुठलं? तो म्हणाला, ताई, दोन्ही बेस्ट. मी काहीच न घेता परत आले. दोन्ही बेस्ट म्हणणाऱ्याकडून घाईनं काही घेऊ नये, एवढं तर बाजार करून करून आमच्या घराला कळतं.

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गिरणीवर गेले आणि काकांना सहज बोलले. तिथं अण्णाही बसले होते. गिरणी बंद पडली, म्हणजे लाइट गेली होती, म्हणून सगळ्यांना बोलायला मोकळीक होती. मी प्रश्न नीट मांडला. आतलं की बाहेरचं?

अण्णांनी क्षणाचाही विचार केला नाही. आपल्या विहिरीवर आधी काठावरची मोटर होती. दर पावसाळ्यात ती उचलून ठेवा, चोराची भीती, उंदरानं वायर खाल्ली ते वेगळंच. पाण्यातली मोटर टाकल्यापासून आहे का काही कटकट? म्हणून आतलं ते आतलं, असं त्यांचं म्हणणं.

काका लगेच उलटले. काकांना अण्णांचं काहीही एका दमात पटलं असं माझ्या आठवणीत नाही. ते म्हणाले, आणि जळली मग? सगळा पाइप ओढून काढावा लागतो, चार माणसं धरावी लागतात, त्यांना जेवू घालावं लागतं. बाहेरचं बिघडलं तर हाताला तरी येतं.

ज्वारीचं गाठोडं मांडीखाली घेऊन बसलेला एक म्हातारा ऐकत होता. तो म्हणाला, "माझे दोन जावई हायेत. एक घरजावई, एक बाहेरचा. घरजावई सदा घरात, दिसत न्हाई कुठं, पन हाय. बाहेरचा येतो तवा लई मान मागतो, पन काम सांगितलं तर करून जातो."

"मंग बरा कोनता?" काकांनी विचारलं.

"हळू बोला. घरजावई बाहेर गाडीपाशी उभा हाय."

लाइट आली, गिरणी सुरू झाली आणि सभा संपली. निकाल काही लागला नाही, पण मी मोठ्यानं हसत पिठाचा डबा घेऊन घरी आले, आणि हसता हसता एक गोष्ट माझ्या डोक्यात आली. इतका वेळ आम्ही सगळे मोटरीबद्दल बोलत होतो. पाण्याबद्दल कुणीच बोललं नव्हतं.

मी लॅपटॉप उघडून हातात घेतला आणि गिरणीकडच्या अंगणात, शेवग्याच्या झाडाखाली उभी राहिले. काकांचं नाव दिसलं, रेंज चांगली भरलेली. तशीच चालत दाराकडं आले. उंबऱ्यावर अर्धी राहिली. आत एक पाऊल टाकलं, काडीभर उरली. आतल्या खोलीत गेले आणि नावच गेलं. परत बाहेर आले, परत सगळी भरली. आई कापसातला कचरा निवडत होती. ती बघत राहिली आणि म्हणाली, आरती ओवाळून राह्यली का घराची?

आमचं घर पत्र्याचं आहे. छप्पर पत्र्याचं, भिंतीही पत्र्याच्या. वर्गात आम्हाला शिकवलं होतं की लोखंडाच्या पेटीत बसलेल्याला बाहेरची लहर पोहोचत नाही. परीक्षेत मी ते उत्तर आकृतीसकट लिहिलं होतं आणि मार्कही मिळवले होते. ती पेटी म्हणजे आपलं घर, हे मात्र तेव्हा कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. कार्ड म्हातारं वगैरे काही नव्हतं. बिचारं पत्र्यात कोंडलेलं होतं. त्याच्या जागी कितीही भारी कार्ड बसवलं असतं तरी तेही पत्र्यातच कोंडलं असतं. आणि उन्हातान्हात, धुळीत, कोंबड्यांच्या गोंधळात अंगणात बसून दिवसभर काम करणं शक्य नव्हतं. मला हवं होतं ते असं, की मी आत बसावं आणि रेंज पकडणारं बाहेर असावं.

अण्णा विहिरीवर होते. मी तिथं जाऊन त्यांना म्हणाले, "अण्णा, मोटर पाण्यात सोडली, कारण पानी विहिरीत हाय. आपल्या घरात रेंजच न्हाई. मंग आतलं कितीबी भारी बसवलं तरी ते कोरड्या विहिरीतलं."

अण्णा विहिरीत बघत राहिले. त्यांना हरायला आवडत नाही, पण मोटरीच्या भाषेत हरले तर चालतं. शेवटी म्हणाले, "घे मंग बाहेरचंच. पन बसवनार मी."

पुन्हा जालन्याला गेले. दुकानदारानं विचारलं, मग काय ठरलं, अंदरवालं? मी म्हणाले, बाहेरचं द्या, आणि सोबत यूएसबीची लांब वायर द्या. फार लांब नको, ताकद कमी होते, भिंतीतून बाहेर निघेल एवढी पुरे. त्यानं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, ताई, तुम्ही कॉम्प्युटर शिकल्या का? मी हो म्हणाले. कुठं, कधी, कुठल्या कॉलेजात, त्यानं न विचारलेलं सगळंच सांगितलं.

बसवायचा दिवस म्हणजे घरात कार्य असल्यासारखा होता. अण्णांनी मोठा खिळा घेऊन भिंतीच्या पत्र्याला भोक पाडलं. कडेनं वायर कापली जाईल म्हणून त्या भोकात ठिबकच्या नळीचा तुकडा बसवला आणि त्यातून वायर बाहेर घेतली. ही युक्ती त्यांनी मला तीनदा दाखवली. बाहेर भिंतीला एक बांबू उभा बांधला, अ‍ॅडॉप्टर त्याच्या टोकाशी, दांडी आभाळाकडं. काका पलीकडून गिरणीच्या दारात उभे राहून हातानं डावीकडं, उजवीकडं दाखवत होते. त्याला काही अर्थ नव्हता, पण अण्णा त्यांच्या हातांप्रमाणं बांबू हलवत होते, आणि दोघं भाऊ एका कामात इतका वेळ भांडले नाहीत हे आईनं मला हळूच दाखवलं. मी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडला. काकांचं नाव तिथं होतं, भरलेल्या रेंजसकट. मी आतून ओरडले तेव्हा बाहेर अण्णांनी बांबूला दोन थापा मारल्या, बैलाच्या पाठीवर मारतात तशा.

आई बांबूखाली येऊन वर बघत राहिली. तिनं हळदीकुंकू लावलं, ते ठीक. मग विचारलं, हे आसंच राहनार का उघडं? मी म्हणाले, हो. तिला ते पटलं नाही. आमच्या घरात देणारी वस्तू कुणी उघडी ठेवत नाही. दूध, दही, पीठ, विरजण, सगळं झाकलेलं. उघड्यावर ठेवलं की बरकत जाते, असं ती मानते, आणि तिच्या घरात कधी काही नासलेलं मी पाहिलं नाही, त्यामुळं मी या बाबतीत तिच्याशी वाद घालत नाही. त्या दिवशीही घातला नाही. घालायला हवा होता.

सोमवारी काम सुरू झालं. पहिला फोन आला तेव्हा माझ्या तळहाताला घाम होता. दुसऱ्या फोनला निम्मा राहिला. दुपारपर्यंत मी दुकानदारांकडं त्यांच्या सुनांची चौकशी करण्यापर्यंत पोहोचले. आवाज झऱ्यासारखा. घरानं त्या दिवसांत माझ्यासाठी जे केलं ते आठवलं की अजून हसू येतं. आईनं मिक्सर लावायचा सोडून चटणी पाट्यावर वाटली. अण्णांनी कुत्रं नेऊन गिरणीपाशी बांधलं, तर काकांची कुरकुर सुरू झाली की दळणाला आलेल्यांवर भुंकून राह्यलं. शेजारच्या आखाड्यावरचा रेडिओ बंद झाला, कारण अण्णा स्वतः जाऊन सांगून आले होते की पुण्याचं माणूस ऐकून राह्यलं.

गुरुवारी सकाळी दव पडलं होतं. दुसऱ्या जिल्ह्यातले एक किराणावाले काका लाइनवर होते. त्यांच्या दुकानात गूळ पोत्यानं होता आणि बिलात तो शून्य दाखवत होता. मी त्यांना एक एक पायरी सांगत होते आणि पडद्यावर कोपऱ्यात मॅडमचं नाव आलेलं होतं, म्हणजे त्या ऐकत होत्या. तेवढ्यात आवाज तुटला. किराणावाल्यांचं गू, गू एवढंच येऊ लागलं, मग तेही थांबलं. पडद्यावर गोल फिरत राहिलं.

मी वायर काढून परत लावली. काही नाही. यूएसबीची जागा बदलली. काही नाही. दारात जाऊन गिरणीकडं पाहिलं, गिरणी चालू, म्हणजे लाइट आहे, राउटर आहे. एका क्षणात सगळं दिसलं, परतूरचं स्टेशन, बॅग, पुण्याची खोली. आणि बाहेरचं घेऊन चुकले की काय असं पहिल्यांदाच वाटलं. आतलं असतं तर बरं झालं असतं. आतलं. मग लख्खकन आठवलं की आतलं तर आहेच. बाहेरचं जोडलं म्हणून आतलं कुठं गेलं नव्हतं, ते जागेवरच होतं, फक्त पत्र्यात कोंडलेलं.

मी वायर उपसली, लॅपटॉप उचलला आणि अंगणात धावले. शेवग्याखाली आईनं निवडलेल्या कापसाचं गाठोडं होतं, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि गुडघ्यावर बसले. आतल्या कार्डानं एका दमात गिरणी पकडली. किराणावाले परत आले. मी त्यांना म्हणाले, काका, लाइन माझ्याकडून तुटली होती, माफ करा, आता गुळाच्या ओळीवर या. पाच-सहा वाक्यांत त्यांचा गूळ परत पोत्यात आला. कोंबड्या माझ्याभोवती फिरत होत्या, त्यांचंही बोलणं चालू होतं. मी मान वर केली आणि बांबूच्या टोकाकडं पाहिलं.

तिथं आमचं जर्मनचं पातेलं होतं. पालथं घातलेलं, सुतळीनं गळ्याशी पक्कं बांधलेलं, उन्हात चमकणारं. आत अ‍ॅडॉप्टर.

"आई," मी म्हणाले, "हे काय आहे?"

आई गोठ्याकडून आली. तिच्या चेहऱ्यावर केलेल्या कामाचं समाधान होतं. "झाकलं मी त्येला. रातभर दव पडून राह्यलं, सकाळी चिमनी बसल्ती दांडीवर. चार दिस उघडं ठिवलं तू."

"आई, माझा आवाज गेला त्यानं."

"झाकल्यानं कामून जाईल? झाकल्यानं ऱ्हातं."

लॅपटॉपमधून हसण्याचा आवाज आला. माइक चालू होता. किराणावाले काका अजून लाइनवर होते आणि खळखळून हसत होते. म्हणाले, ताई, माझं काम झालं, पण आईला बोलू नका हो. मग त्यांनी फोन ठेवला. कोपऱ्यातलं मॅडमचं नाव तसंच होतं. माझी मान खाली गेली. तेव्हा मॅडमचा आवाज आला, पहिल्यांदाच, एकदम कोरडा.

"आधी ते पातेलं काढा. मग पुढचा फोन घ्या."

एवढंच. पुढं काही नाही. त्यावरून काय समजायचं ते मला शनिवारपर्यंत कळलं नाही.

आईला मी समजावून सांगितलं, रागानं नाही. सांगितलं की घर पत्र्याचं म्हणून आपण त्याला बाहेर काढलं, आणि तू त्याला परत पत्र्यात घातलंस. पातेलं काय आणि भिंत काय, त्याला दोन्ही सारखंच. आई पातेल्याची सुतळी सोडत होती. तिचं तोंड उतरलं होतं, आणि मला ते माझ्या नोकरीपेक्षा जास्त लागलं. सुतळी गुंडाळून झाल्यावर ती घरामागं गेली. परत आली ती कोंबडीची पिल्लं झाकायचं लहान डालं घेऊन. बांबूच्या कामट्यांचं, फटीफटीचं.

"ह्याच्यात पत्रा न्हाई," ती म्हणाली. "बग चालतं का."

डालं घालून मी आत जाऊन पाहिलं. रेंज तशीच भरलेली. वरून दवासाठी तिनं खताची रिकामी पिशवी पसरली. तरीही काही फरक पडला नाही. बाहेर येऊन मी तिला हात वर करून दाखवलं, तशी ती डाल्याकडं बघून म्हणाली, आता कसं, अंड्यावर बसलेल्या कोंबडीवानी दिसून राह्यलं. आणि आम्ही दोघी अंगणात पोट धरून हसलो. अण्णा वावरातून विचारत राहिले, काय झालं, काय झालं, आणि आम्हाला सांगता येईना. काकांना संध्याकाळी कळलं. त्यानंतर गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला कळलं.

शुक्रवार नीट गेला. शनिवारी दुपारी मॅडमनी मला बोलावलं, म्हणजे पडद्यावर. मी केस विंचरून बसले होते. दाराच्या बाजूला, पडद्यात दिसणार नाहीत अशा जागी, आई आणि अण्णा उभे होते. आईनं पदर दोन्ही हातांत धरला होता. अण्णांनी पागोटं घातलं होतं, कुणाला दिसणार नव्हतं तरी.

मॅडमनी आधी माझ्या बोलण्यातल्या चुका सांगितल्या. मी दुकानदारांना फार लवकर काका आणि मामा म्हणते, ते जरा उशिरा म्हणावं. मी घाईत शब्द गिळते. मी हो हो म्हणत होते आणि कान त्या एका गोष्टीकडं लागले होते. शेवटी त्या गुरुवारवर आल्या. म्हणाल्या, आठवड्यात आवाज एकदाच तुटला. इतरांचा तुटतो तेव्हा ते गिऱ्हाइकाला सांगतात, तुमचंच नेट खराब आहे. तुम्ही तसं केलं नाही, आणि लगेच परत आलात. परत कशा आलात ते सांगा.

मी सांगितलं. आतलं आणि बाहेरचं, पत्रा, बांबू, शेवगा, सगळं. पातेल्याचं त्यांना ठाऊक होतंच.

"म्हणजे एक बंद पडलं तर दुसरं आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या ऑफिसातसुद्धा प्रत्येकाकडं अशी सोय नाही. घरूनच करा. सोमवारपासून नोकरी पक्की."

माझ्या तोंडून थँक्यू निघालं की नाही ते आठवत नाही. पडदा बंद केला आणि मागं वळले. आईला पुण्याची मराठी भराभर कळत नाही, ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणाले, आई, मी जात नाही. तिनं पदर सोडला आणि पहिला प्रश्न केला, मंग रात्री काय करू, पुरन घालू का? अण्णा सरळ वावरातून गिरणीकडं निघाले, कापसाच्या ओळी तुडवत, पाऊलवाट सोडून. काकांना सांगायचं होतं. विहिरीवर जाऊन फोनवरून सांगता आलं असतं, पण तसं सांगायला त्यांना नको होतं.

सोमवारी मी आतल्या खोलीचं दार लोटून बसले. दोन फोन झाले होते. बाहेर कुणीतरी आलं. गावातलंच माणूस होतं, आवाजावरून ओळखलं. त्याला माझ्याकडून मोबाइलमधलं काहीतरी समजून घ्यायचं होतं, तशी माणसं माझ्याकडं अधूनमधून येतात. मी उठणार एवढ्यात बाहेर अण्णांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"बाई न्हाई. कामावर गेली."

"कामावर? कुठं?"

"आत," अण्णा म्हणाले. "बस. सहाला सुटती."